शुक्र मधोमध नव्हता, दादा

दादा, फॉर्मवर एक प्रश्न होता: डोळ्यांना पूर्वी काही इजा झाली आहे का?

तुला जमिनीवर घेतलं होतं. नेत्रदानाची माणसं बारामतीहून जळोचीला तुझ्या घरी आली तेव्हा सकाळचे नऊ वाजले असतील. त्यांना फोन मीच केला होता. तुझा नेत्रदानाचा फॉर्म माझ्याच शाळेतल्या कार्यक्रमात भरलेला, सगळ्यांत पहिला. त्यामुळे त्या माणसानं विचारल्यावर उत्तरही मीच दिलं. "नाही, काही नाही," मी म्हणाले. भिंतीला टेकून बसलेल्या वहिनी मान वर न करता म्हणाल्या, "उजव्या डोळ्यात ठिपका हाय त्यांच्या. त्या शुक्राच्या दिवसापासनं."

"कसला शुक्र?" त्या माणसानं विचारलं.

"त्यो सूर्यावरनं गेलेला. ताईंच्या शाळंत दाखवला नव्हता का, तवापासनं."

त्यानं फॉर्मवर काहीतरी लिहिलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "मागच्या पडद्याला इजा दिसते. काळजी करू नका, आम्ही डोळ्याची फक्त पुढची काच घेतो. ती चांगली असली की झालं." मी काळजी करत नव्हते. मी तुझ्याकडे बघत होते, आणि माझं रडू थांबलं होतं.

खरं सांगू? मला तुझा भयंकर राग आला. आज अकरा दिवस झाले, अजून आहे. परवा पुण्यानुमोदनाला सगळे तुझ्याविषयी बोलले. मिस्त्री मनानं मोठा होता, मिस्त्रीनं कधी कुणाचं काम अडवलं नाही, काटेवाडीपासून इंदापूरपर्यंत मिस्त्रीनं केलेली गेटं उभी आहेत. मलाही बोलायला सांगितलं. मी मानेनंच नको म्हणाले. लोकांना वाटलं, बहीण आहे, कंठ दाटला असेल. पण मी तोंड उघडलं असतं तर त्या मेणबत्त्यांसमोर तुझ्याशी भांडले असते.

म्हणून इथं भांडते. इथं तुला उठून जाता येणार नाही.

तेरा वर्षांपूर्वीचा तो जून आठव. इंदापूर तालुक्यातल्या माझ्या शाळेत मी विज्ञान शिकवत होते, आणि सहा तारखेला सकाळी शुक्र सूर्याच्या समोरून जाणार होता. सूर्य उगवेल तोच एक काळा ठिपका घेऊन उगवेल आणि दहा-वीसच्या सुमाराला तो ठिपका कडेवरून निघून जाईल. पुन्हा हे घडणार ते एकशे पाच वर्षांनी. सुट्टी संपली नव्हती तरी दोनशे मुलं येणार होती. ग्रहण म्हटलं की आपल्याकडे दारं-खिडक्या लावून पोरांना आत कोंडतात, आणि ती भीती घालवायची तर एकाही डोळ्याला धक्का लागता कामा नये, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. काळ्या फिल्मचे चष्मे मोजकेच मिळाले होते. बाकीच्यांसाठी मी आरशाची युक्ती वापरणार होते. आरशावर काळा कागद लावायचा, कागदाला ज्वारीच्या दाण्याएवढं छिद्र पाडायचं, आरसा उन्हात ठेवायचा आणि तो कवडसा लांबच्या अंधाऱ्या वर्गातल्या भिंतीवर पाडायचा. भिंतीवर ताटलीएवढा सूर्य उमटतो. सगळ्यांनी सूर्याकडे पाठ करून सूर्य बघायचा.

आरसा हातात धरून जमत नव्हतं, थरथरायचा. मी तुझ्या वेल्डिंगच्या शॉपवर आले. तू उसाच्या ट्रॉलीखाली आडवा पडला होतास. तिथूनच सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "म्हंजे आरसा वर-खाली आन् डावा-उजवा, दोन्ही झाला पायजे. आन् हलला न्हाय पायजे. व्हय का न्हाय?" संध्याकाळपर्यंत स्टँड तयार. दोन नट, एक सैल केला की मान वळते, दुसरा सैल केला की मान लवते. पाइप डोळ्याला लावून, डावा डोळा मिटून, उजव्यानं तू तो सरळ आहे का ते पाहिलंस. तुझी ती जुनी सवय. लहानपणी मला वाटायचं, तू बंदूकच धरली आहेस.

"मला काय देणार मास्तरीणबाई?" तू विचारलंस.

"एक चष्मा तुझा. त्याच्यावर तुझं नाव घालते," मी म्हणाले. आणि खरंच घातलं. कागदी चष्म्याच्या कानाच्या पट्टीवर निळ्या पेनानं लिहिलं, दादा.

त्या दिवशी सात वाजेपर्यंत ढग होते. मग उघडलं, आणि वर्गाच्या भिंतीवर सूर्य आला. कडेपासून थोडा आत, वाटाण्याएवढा काळपट ठिपका. पोरांनी जो गलका केला तो मला अजून ऐकू येतो. सूर्य सरकायचा, चित्र भिंतीवरून खाली उतरायचं, पोरं ओरडायची, "मामा, सरकला! सरकला!" आणि पंचवीस पावलांवर उन्हात उभा असलेला तू नट फिरवून चित्र जागेवर आणायचास. आरशातलं ऊन कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून मीच तुला बजावलं होतं, तिथून हलायचं नाही, कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. तू हलला नाहीस. चित्र दाखवणारा तू, आणि चित्र न पाहिलेला त्या आवारात एकटा तूच.

मध्ये एकदा मी पाणी घेऊन आले होते. म्हणाले, "दादा, दोन मिनिटं मी धरते, आत जाऊन भिंतीवर बघून ये." तू हसलास. "फोटू बघून काय करू? मला खराखुरा बघायचाय. चष्मा दे म्हंजे झालं." तुझ्या कपाळावर तुझा हिरव्या काचेचा गॅस कटिंगचा चष्मा चढवलेला होता, सवयीनं घालून आलेला. मी त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाले, "याच्यातनं बघायचं नाही हां, ही काच सूर्याला पुरायची नाही." तू म्हणालास, "येडी का खुळी तू. मला काय कळत न्हाय व्हय?"

पाहुणे आठला येणार होते. तालुक्यातले एक मोठे पुढारी. ते साडेनऊच्या पुढे आले. आणि मग आपल्याकडे जे होतं तेच झालं. आकाशात शंभर वर्षांत न दिसणारी गोष्ट चालली होती आणि आम्ही व्यासपीठावर शाल-श्रीफळ हातात घेऊन रांगेत उभे. भाषणं चालू असताना एखादं पोर चष्मा नीट न लावता एकटंच सूर्याकडे बघत बसेल या भीतीनं मी सगळे चष्मे गोळा केले, मोजले, पेटीत घातले, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. तुला म्हणाले, आरशावर पोतं टाक आणि तिथंच थांब. एकच चष्मा मी बाहेर ठेवला होता. तुझा.

पाहुण्यांनी विचारलं, "आम्हाला नाही का दाखवणार?" मी तो पुढे केला. त्यांनी अर्धा मिनिट वर पाहिलं, "वा, छान," म्हणाले, फोटो काढून घेतला, आणि बोलत बोलत चष्मा घडी करून खिशात घातला. पट्टीवरचं तुझं नाव त्यांच्या खिशात जाताना मी पाहिलं. परत मागितला नाही.

तू मांडवाच्या कडेला आलास, घामानं भिजलेला. मला हळूच म्हणालास, "रत्ने, माझा चष्मा? ऱ्हायली का थोडी येळ?"

"थांब की रे दादा," मी म्हणाले. "पाहुणे जाऊ देत. पेटी उघडली तर सगळी पोरं उठतील. घरचा माणूस शेवटी."

घरचा माणूस शेवटी! आपल्या अण्णांच्या मुलीनं हे म्हणावं? आजोबांना गावाच्या पंगती उठल्यावर, शेवटी, बाहेर, काय वाढलं जायचं हे अण्णांनी आपल्याला किती वेळा सांगितलं होतं. म्हणून तर अण्णांनी आपल्या घरातली रीत उलटी केली होती. लग्न असो, बारसं असो, पहिली पंगत मांडव घालणाऱ्याची आणि आचाऱ्याची. सोयरे थांबायचे. तुझ्या लग्नात वहिनींकडचे लोक त्यावरून रुसले, तरी अण्णा हटले नाहीत. "ज्याच्या हातानं काम झालंय त्यो आधी खाईल," म्हणाले. आणि मी, शिकलेली, आरसा फिरवणाऱ्याला उन्हात उभं करून पहिलं पान पाहुण्याला वाढलं. आणि तू? वळून आरशापाशी गेलास. बोलायला हवं होतंस, चारचौघांत ओरडायला हवं होतंस.

जेवताना तू डोळा चोळत होतास. मी विचारलं तर "धूळ गेली" म्हणालास. आणि मी त्या संध्याकाळी वहीत लिहिलं, कार्यक्रम उत्तम पार पडला, एकाही डोळ्याला इजा नाही. हे वाक्य मला इतकं आवडलं की पुढे मी ते प्रत्येक वेळी म्हणत राहिले. बुध असाच सूर्यासमोरून गेला, त्याचं अधिक्रमण झालं, तेव्हा म्हणाले. त्या वेळी दुर्बिणीतून सूर्य कागदावर उतरवायला नवा स्टँड तूच करून दिला होतास. डिसेंबरातल्या ग्रहणाला म्हणाले. दिवाळीत मावळतीला ग्रहण लागलं तेव्हाही म्हणाले. "आजवर आपल्या कार्यक्रमात एकाही डोळ्याला इजा झालेली नाही!" मुलं टाळ्या वाजवायची. मागच्या रांगेत तू बसलेला असायचास. टाळ्या वाजवण्यात तू सगळ्यांच्या पुढे. एकदा तर शिट्टीसुद्धा मारलीस.

आणि ते सायकल स्टँडचं भांडण. तुला आठवत असेलच, तू मरेपर्यंत विसरला नाहीस. शुक्राच्या कार्यक्रमानंतर दोनेक वर्षांनी तू माझ्या घराला गेट केलंस आणि एक पट्टी डोळ्याला खटकण्याइतकी तिरपी गेली. मी चेष्टा केली, "दादा, म्हातारा झालास काय?" तू हसलास. मी हेही पाहिलं होतं की पाइप सरळ आहे का ते बघताना तू आता डाव्या डोळ्याला लावतोस. पाहिलं आणि सोडून दिलं. विज्ञानाची शिक्षिका ना मी, मुलांना निरीक्षण शिकवते! नंतर शाळेत सायकल स्टँडची शेड करायची निघाली, तेव्हा मी तुझं नाव सुचवलं नाही. काम बारामतीतल्या दुसऱ्या मिस्त्रीकडे गेलं. तू शाळेच्या फाटकात येऊन उभा राहिलास आणि म्हणालास, "रत्ने, परक्याला काम दिलंस?"

मी म्हणाले, "काम सरळ पाहिजे होतं, दादा."

 तेव्हा एका वाक्यात तू मला गप्प करू शकला असतास. ते वाक्य तुझ्या ओठावर आलंही असेल. पण गाडीला किक मारून निघून गेलास, आणि सहा महिने माझ्या घरात पाऊल टाकलं नाहीस. मी सगळ्यांना सांगत फिरले, भाऊ मानी आहे, चूक दाखवलेली चालत नाही त्याला.

पुण्यानुमोदनाला आलेली माणसं गेल्यावर, परवा, मी वहिनींना सगळं विचारून घेतलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू डावा डोळा झाकून त्यांच्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "तुजं कान दिसत्यात, नाक दिसंना." आठवड्यानं एकटाच डॉक्टरकडे गेलास. उपाय नाही म्हणाले. त्यांना तू सांगितलंस, वेल्डिंगचा उजेड लागला. वहिनींना शपथ घातलीस.

"का पण?" मी विचारलं.

"म्हणायचे, रत्नीला कळलं तर ती पुन्यांदा पोरं उन्हात काढायची न्हाय. आन् वरनं चौकशी लागली तर तालुक्यात कुनीच काढायचं न्हाय. लोकं परत दारं लावून बसत्याल. एका डोळ्यापायी कशाला, म्हणायचे."

हे ऐकून बाकीचे लोक म्हणतील, काय मोठं मन. मला नाही तसं म्हणता येत, दादा. तू माझं काम वाचवलंस, खरं आहे. त्यानंतर शेकडो मुलांनी न घाबरता सूर्य पाहिला, तेही तुझ्यामुळे, आणि त्याबद्दल मी तुझ्या पाया पडते. पण माझी चूक माझी होती. ती तू माझ्याकडून काढून घेतलीस आणि स्वतःच्या डोळ्यात ठेवलीस. मला पेलणार नाही हे तूच ठरवलंस. मला पेललं असतं. मी रडले असते, तुझे पाय धरले असते, सायकल स्टँडचं काम तुझ्याकडून करून घेतलं असतं, तिरपं तर तिरपं. एवढीही संधी तू मला दिली नाहीस.

इथवर ऐकूनही मी सावरले असते. पण वहिनी पुढे म्हणाल्या, "एक मातर हाय ताई. बघितला बरं का त्यांनी त्यो शुक्र. समाधान होतं त्यांना त्याचं. म्हणायचे, डोळा गेला पन वाया न्हाय गेला. गोल, काळाभोर, सूर्याच्या पार मधोमध."

मी विचारलं, "कधी बघितला, वहिनी?"

"तुमी माइकवर आभार मानत हुता तवा. गॅस कटिंगच्या चष्म्यातनं. येक डोळा झाकून बघत बसलो, म्हणायचे, भाषान संपस्तवर."

दादा, शुक्र मधोमध नव्हता. त्या सकाळी तो कधीच सूर्याच्या मधोमध नव्हता. तो वरच्या अंगानं आला आणि कडेनं गेला. माझ्या वहीत चाळीस मुलांनी काढलेली चित्रं अजून आहेत, एकातही ठिपका मध्ये नाही. आणि मी आभार मानायला उठले तेव्हा घड्याळ बघूनच उठले होते. साडेदहा वाजून गेले होते. मनात म्हणाले होते, गेला शुक्र, आता निवांत बोलू. तू वर पाहिलंस तेव्हा सूर्य कोरा होता. त्या हिरव्या काचेतून, उजवा डोळा लावून, माझं भाषण संपेपर्यंत तू कोऱ्या सूर्याकडे बघत बसलास. मधोमध जो काळा ठिपका तुला दिसायला लागला तो तुझ्या डोळ्यात पडत होता. तेरा वर्षं तू त्याला शुक्र म्हणालास.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. "दिसतो ना ताई, तसाच? मधोमध?"

मुलांना मी पहिल्या दिवशी सांगते, विज्ञान म्हणजे जे आहे तेच सांगायचं. मी वहिनींचा हात धरला आणि म्हणाले, "व्हय वहिनी. तसाच दिसतो."

आता पुढचं सांगते, तुला आवडो न आवडो. येत्या ग्रहणाला मी मुलांना पुन्हा बाहेर काढणार आहे. आरसा तुझ्याच स्टँडवर लावणार आहे. पेटी उघडल्यावर पहिला चष्मा आरसा फिरवणाऱ्याच्या हातात देणार, पाहुणे कोणी का असेनात. आणि ते वाक्य बदलणार आहे. आपल्या कार्यक्रमात एका डोळ्याला इजा झाली आहे, तो माझ्या भावाचा उजवा डोळा, आणि चूक माझी होती, हे मी माइकवर सांगणार. त्या दिवशी वहिनींना पहिल्या रांगेत बसवणार आहे. मग एखादी मुलगी हात वर करून विचारेलच, "बाई, पण त्यांना शुक्र दिसला का?"

मी म्हणेन, दिसला. शाळेत बोललेलं ते माझं दुसरं खोटं असेल. पहिलं तू माझ्याकडून तेरा वर्षं वदवून घेतलंस, मागच्या रांगेत बसून, टाळ्या वाजवत.